मेकॅनिक्सची उजळणी: आधी विचारा, बल कोण लावतंय?

प्रश्न असा आहे: मेकॅनिक्सचा पहिला अभ्यासक्रम झाला, परीक्षा पास झाली, सूत्रंही बहुतेक पाठ आहेत. पण अनोळखी गणित समोर आलं की कुठलं सूत्र घ्यायचं तेच सुचत नाही. पुढच्या सत्राआधी पाया पक्का करायचा आहे, तर पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचावं का?

नको. निदान सुरुवात तरी तशी करू नका. एकदा वाचलेलं पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की समजलंय असं वाटू लागतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दीर्घकाळ हा विषय शिकवत आलो आहे. सूत्र आठवलं नाही म्हणून अडलेले विद्यार्थी त्यात फार कमी भेटले. या भागात सूत्रं आहेतच किती? मुख्य म्हणाल तर एका पानावर मावतील. अडतं ते दोन ठिकाणी. एक, समोरच्या वस्तूवर कोणकोणती बलं आहेत आणि त्यातलं प्रत्येक बल नेमकं कोण लावतंय हे सांगता येत नाही. दोन, प्रत्येक नियमासोबत त्याची अट येते, आणि सूत्र पाठ होतं तेव्हा ती अट मागे राहून जाते. उजळणी करायची ती या दोन गोष्टींची.

आधी स्वतःची एक चाचणी घ्या. एक चेंडू सरळ वर फेकला आहे, हवेचा विरोध धरायचा नाही. हातातून सुटल्यावर तो वर जात असताना, सर्वात उंच बिंदूवर असताना आणि खाली येत असताना, अशा तीन आकृत्या काढा आणि प्रत्येकीत चेंडूवरची बलं बाणांनी दाखवा. मग तिन्ही ठिकाणी त्वरण किती तेही लिहा. हे कागदावरच करा, मनातल्या मनात नको.

तिन्ही आकृत्या अगदी सारख्या यायला हव्यात: खालच्या दिशेला एकच बाण, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा. त्वरणही तिन्ही ठिकाणी सारखंच, खालच्या दिशेने ९.८ मी/से². वर जाणाऱ्या चेंडूवर तुम्ही 'फेकण्याचं बल' म्हणून वरच्या दिशेला बाण काढला असेल, तर उजळणी कुठून सुरू करायची ते सापडलं. ते बल कोण लावतंय? हात तर केव्हाच सुटला. चेंडूला आता कोणी स्पर्श करत नाही, मग ढकलणार कोण? चेंडू वर जातोय कारण त्याला वरच्या दिशेचा वेग आहे, आणि असलेला वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागतं ते वेग बदलायला. सर्वोच्च बिंदूवर त्वरण शून्य लिहिलं असेल तर असा विचार करा: तिथे वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर चेंडू तिथेच हवेत लटकून राहिला असता.

अशी चूक झाली तर वाईट वाटून घेऊ नका. गती चालू ठेवायला सतत बल लागतं हा समज रोजच्या अनुभवातून येतो, कारण आपल्या भोवती घर्षण कायम हजर असतं आणि ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. ॲरिस्टॉटलपासून माणूस जवळजवळ दोन हजार वर्षं असाच विचार करत आला. गॅलिलिओने तो मोडायला सुरुवात केली आणि १६८७ मध्ये न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त गतीचे तीन नियम एकत्र मांडले गेले. इतका मुरलेला समज एका सत्राच्या व्याख्यानांनी जात नाही, आणि याला पुरावा आहे. १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही, आहेत ते असेच साधे दिसणारे प्रश्न. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे, ६२ अभ्यासक्रमांतले निकाल एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांवर चालणाऱ्या वर्गांत, सुधारणेला जेवढा वाव होता त्याच्या सरासरी २३ टक्केच सुधारणा दिसली. जिथे विद्यार्थी वर्गातच प्रश्नांची उत्तरं देत, एकमेकांशी वाद घालत शिकत होते, तिथे ती सुमारे ४८ टक्के होती. तुमच्या उजळणीसाठी यातून घेण्यासारखं हेच की आधी उत्तर लिहून मोकळं व्हावं, ते का हे दुसऱ्याला पटवून द्यावं, आणि मगच पुस्तक उघडावं. अभ्यासाला एखादा जोडीदार मिळाला तर फारच उत्तम.

आता गतीच्या वर्णनाकडे, म्हणजे स्थान, विस्थापन, वेग आणि त्वरण यांच्याकडे येऊ. इथे फार दिवस घालवू नका, पण एक आलेख मात्र मनापासून काढा. तोच चेंडू २० मी/से वेगाने वर फेकलाय. सोयीसाठी गुरुत्वीय त्वरण १० मी/से² धरा आणि वरची दिशा धन माना. त्याचा वेग-काल आलेख काढला तर +२० पासून −२० पर्यंत खाली उतरणारी एकच सरळ रेषा मिळते, एकूण ४ सेकंदांची. या एका रेषेत बरंच काही आहे. तिचा चढ सगळीकडे −१०, म्हणजे त्वरण शेवटपर्यंत तेच. रेषा काल-अक्षाला २ सेकंदांवर छेदते तिथे वेग शून्य होतो, पण रेषेचा चढ तिथेही बदलत नाही. अक्षाच्या वरचं क्षेत्रफळ +२० मीटर आणि खालचं −२० मीटर, म्हणून विस्थापन शून्य आणि कापलेलं अंतर ४० मीटर. शिवाय नंतरच्या २ सेकंदांत त्वरण ऋण असूनही चेंडूची चाल वाढत जाते. त्यामुळे 'ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणं' हे वाक्य कुठे लिहून ठेवलं असेल तर खोडा. त्वरणाचं चिन्ह फक्त दिशा सांगतं. वेग आणि त्वरण एकाच दिशेला असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर घटते.

गतीच्या तीन समीकरणांची अटही इथेच पक्की करा: त्वरण स्थिर असेल तरच ती चालतात. स्प्रिंगला बांधलेल्या ठोकळ्याला किंवा दोलकाला ती लावता येत नाहीत, कारण तिथे त्वरण क्षणोक्षणी बदलतं. प्रक्षेपित वस्तूच्या गणितांत वेगळं काही नाही. आडव्या दिशेला त्वरण शून्य, उभ्या दिशेला गुरुत्वीय त्वरण, आणि दोन्ही दिशांना काळ सामाईक. एवढं मांडता आलं तर पुढे चला.

खरा वेळ द्यायचा तो बलांवर. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकच वस्तू वेगळी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती, हे या विषयातलं सर्वात महत्त्वाचं साधन आहे, आणि विद्यार्थी सर्वात जास्त घाई तिथेच करतात. माझा आग्रह असा की प्रत्येक बाणाला पूर्ण वाक्याचं नाव द्या: 'टेबलाने पुस्तकावर लावलेलं बल', 'पृथ्वीने पुस्तकावर लावलेलं बल', 'दोरीने ठोकळ्यावर लावलेलं बल'. नुसतं 'लंब बल' (पृष्ठभाग स्वतःला लंब दिशेने लावतो ते बल) किंवा 'ताण' (दोरीची ओढ) लिहून थांबू नका. बल लावणारा सांगता येत नसेल तर तो बाण खोडायचा. या एका सवयीने 'फेकण्याचं बल', 'गतीचं बल', 'जडत्वाचं बल' असली नसलेली बलं आकृतीतून आपोआप गळून पडतात. प्राथमिक मेकॅनिक्समध्ये स्पर्शाशिवाय लागणारं बल सहसा एकच असतं, गुरुत्वाकर्षण. बाकी सगळ्यांना स्पर्श लागतो. म्हणून आधी गुरुत्वाकर्षण काढा, मग वस्तूच्या कडेने बोट फिरवा आणि जिथे जिथे दुसरं काही टेकलंय तिथे तिथे थांबून विचारा: इथून काय बल येतंय?

वस्तुमान गुणिले त्वरण हे बल नाही, हेही इथेच सांगायला हवं. ते आकृतीत कधीच येत नाही. सगळ्या बलांची सदिश बेरीज केल्यावर तिचा परिणाम काय झाला, ते समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला लिहायचं असतं.

नाव पूर्ण लिहिण्याचा दुसरा फायदा तिसऱ्या नियमात दिसतो. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर दोन बलं आहेत: पृथ्वी खाली ओढतेय, टेबल वर ढकलतंय. दोन्ही समान आणि विरुद्ध. मग ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी का? नाही. 'पृथ्वीने पुस्तकावर' याची जोडी 'पुस्तकाने पृथ्वीवर'. 'टेबलाने पुस्तकावर' याची जोडी 'पुस्तकाने टेबलावर'. नावांची अदलाबदल केली की जोडी सापडते. अशी जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते, त्यामुळे एकाच वस्तूच्या आकृतीत ती दोन्ही बलं येऊच शकत नाहीत. टेबलाचं बल वजनाइतकं आहे ते तिसऱ्या नियमामुळे नव्हे. पुस्तकाला त्वरण नाही, म्हणून दुसऱ्या नियमाने तसं ठरतं. हा फरक बारीक वाटेल, पण लिफ्टच्या गणितात तोच कामाला येतो.

६० किलो वस्तुमानाचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट थांबलेली असेल किंवा स्थिर वेगाने जात असेल तर काटा त्याला ६० × ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन बलाने वर ढकलतो. लिफ्ट वरच्या दिशेने २ मी/से² त्वरणाने निघाली की हेच बल ६० × ११.८, म्हणजे ७०८ न्यूटन होतं. पृथ्वीची ओढ मात्र दोन्ही वेळी ५८८ न्यूटनच. म्हणजे लंब बल 'वस्तुमान गुणिले जी' (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) इतकंच असतं असा कोणताही नियम नाही. ते पृष्ठभाग वस्तूला आरपार जाऊ देत नाही म्हणून लागतं, आणि परिस्थितीनुसार लागेल तेवढं होतं. उतारावर ते कमी, खालून वर त्वरण असेल तर जास्त, लिफ्ट मुक्तपणे पडत असेल तर शून्य. लंब बलाची किंमत पाठ करू नका, प्रत्येक वेळी समीकरणातून काढा.

घर्षणाचंही तसंच. 'घर्षण बल = म्यू गुणिले लंब बल' (म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक) हे सूत्र सर्रास सगळीकडे लावलं जातं, पण त्याला अट आहे. वस्तू पृष्ठभागावर सरकत असेल तेव्हा गतिक घर्षणासाठी ते ठीक. सरकत नसेल तर स्थितिक घर्षण असतं, आणि तेव्हा म्यू गुणिले लंब बल ही फक्त कमाल मर्यादा असते. ५ किलोचा ठोकळा आडव्या जमिनीवर आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४. कमाल घर्षण ०.४ × ४९, म्हणजे १९.६ न्यूटन. तुम्ही आडवं १० न्यूटन बल लावलं तर घर्षण किती? १९.६ लिहिलंत तर ठोकळा तुमच्या दिशेने मागे यायला लागेल, जे होत नाही. उत्तर १० न्यूटन.

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं हेही अर्धवट वाक्य आहे. ट्रकच्या हौद्यात खोकं ठेवलंय आणि ट्रक पुढच्या दिशेने वेग घेतोय. खोकंही ट्रकबरोबर पुढे त्वरण घेतं. त्याला पुढे ढकलणारं कोण? खोक्याला टेकलेला फक्त हौद्याचा तळ आहे, म्हणून ते बल तळाच्या घर्षणाचं, आणि ते पुढच्याच दिशेला आहे, खोक्याच्या गतीच्या दिशेला. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला. गुणांक ०.४ असेल तर घर्षण खोक्याला जास्तीत जास्त ०.४ × ९.८, म्हणजे साधारण ३.९ मी/से² त्वरण देऊ शकतं. ट्रकने त्याहून जोरात वेग घेतला तर खोकं मागे सरकायला लागतं. या उत्तरात खोक्याचं वस्तुमान आलंच नाही. ते का गेलं, हे समीकरण लिहून स्वतः पाहा.

यापुढचं माझं आवडतं उदाहरण साधं आहे, पण भल्याभल्यांना अडवतं. गुळगुळीत जमिनीवर ३ किलो आणि २ किलोचे दोन ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवलेत. ३ किलोच्या बाजूने १० न्यूटन बल लावलं. दोन ठोकळ्यांमधलं बल किती? पुष्कळजण १० म्हणतात, कारण बल एका ठोकळ्यातून 'पुढे जातं' अशी कल्पना डोक्यात असते. बल कुठे जात नाही. दोन्ही मिळून ५ किलो, त्वरण २ मी/से². आता २ किलोचा ठोकळा वेगळा काढा. त्याला आडवं ढकलणारा एकटा ३ किलोचा ठोकळा आहे, आणि २ किलोला २ मी/से² त्वरण द्यायला ४ न्यूटन पुरतात. तेच १० न्यूटन दुसऱ्या बाजूने, २ किलोच्या ठोकळ्यावर लावा: त्वरण तेच राहतं, पण मधलं बल ६ न्यूटन होतं, कारण आता त्याला ३ किलोचा ठोकळा ढकलायचाय. हे उदाहरण पूर्ण पटलं की पुली, गाड्यांची रांग, दोरीने जोडलेले ठोकळे या सगळ्यांत तोच विचार चालतो. आधी सगळी प्रणाली एकत्र घेऊन त्वरण काढायचं, मग आतलं बल हवं असेल तर एक वस्तू वेगळी काढायची.

वर्तुळाकार गतीत नवीन बल कुठलंच नाही. 'अभिकेंद्री बल' असा बाण आकृतीत काढू नका. दोरी, घर्षण, गुरुत्वाकर्षण, लंब बल यांपैकी जे काही केंद्राच्या दिशेने मिळून येतं त्यालाच ते नाव आहे. जमिनीवर उभं राहून गणित सोडवत असाल तर बाहेर फेकणारं अपकेंद्री बलही नाही. ते फक्त फिरत्या संदर्भ चौकटीतून हिशेब करताना जोडावं लागतं, आणि पहिल्या उजळणीत त्या चौकटीत शिरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून, हा समजही इथेच दूर होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. पृथ्वीची त्रिज्या जवळजवळ ६,४०० किलोमीटर, म्हणजे केंद्रापासूनचं अंतर फारसं वाढलेलंच नाही, आणि तिथे गुरुत्वीय त्वरण सुमारे ८.७ मी/से² आहे, जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के. स्थानक आणि आतला माणूस दोघंही याच त्वरणाने पृथ्वीकडे सतत पडत असतात, म्हणून स्थानकाचा तळ माणसाला ढकलत नाही. मघाच्या लिफ्टमध्ये लंब बल शून्य झालं होतं तीच ही स्थिती. आडवा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असल्याने ते पडत पडतच पृथ्वीभोवती फिरत राहतात.

आता ऊर्जा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग). हा भाग बलांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि अटी इथे सर्वात जास्त विसरल्या जातात. दोन्हींमधला फरक मनात बसवायला असं करा: १ किलो आणि ४ किलोच्या दोन गाड्या, घर्षण नाही, दोन्ही स्थिर. दोघींवर १० न्यूटन बल २ सेकंद लावा. दोघींचा संवेग २० किलो मी/से, अगदी सारखा. गतिज ऊर्जा मात्र हलक्या गाडीची २०० जूल आणि जड गाडीची ५०. आता पुन्हा सुरुवातीपासून तेच बल लावा, पण काळ सारखा न ठेवता अंतर सारखं ठेवा, २ मीटर. या वेळी दोघींची गतिज ऊर्जा २० जूल, सारखी. संवेग मात्र हलकीचा साधारण ६.३ आणि जड गाडीचा १२.६. बल गुणिले काळ याने संवेग बदलतो, बल गुणिले अंतर याने ऊर्जा बदलते. गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर सतराव्या-अठराव्या शतकांत देकार्त आणि लायब्निझ यांच्या अनुयायांमध्ये मोठा वाद झाला होता. दोन्ही मापं लागतात, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

अटी अशा. प्रणालीवर बाहेरून येणारं एकूण बल शून्य असेल, किंवा टक्कर इतक्या थोड्या वेळात होत असेल की त्या बलाला संवेग बदलायला सवडच मिळत नाही, तर प्रणालीचा संवेग कायम राहतो. आत काय तुटलं-फुटलं, किती उष्णता झाली, याने त्याला फरक पडत नाही. यांत्रिक ऊर्जेचं उलट आहे. बाहेरच्या आणि घर्षणासारख्या बलांनी कार्य केलं नाही तरच ती कायम राहते, आणि वस्तू चेपल्या किंवा चिकटल्या की तिचा काही भाग उष्णतेत जातो. म्हणून प्रत्येक गणिताआधी प्रणालीत काय काय धरलंय ते शब्दांत लिहा. पृथ्वीला प्रणालीत धरलं तर स्थितिज ऊर्जा लिहायची. बाहेर ठेवलं तर गुरुत्वाकर्षणाने केलेलं कार्य लिहायचं. दोन्ही एकदम लिहिलं की तीच गोष्ट दोनदा मोजली जाते, आणि ही चूक मी तपासलेल्या पेपरांत फार वेळा दिसते.

अट विसरल्याची किंमत किती मोठी असते ते या गणितात दिसतं. १० ग्रॅमची गोळी ४०० मी/से वेगाने येते आणि दोरीने टांगलेल्या १.९९ किलोच्या लाकडी ठोकळ्यात रुतून बसते. ठोकळा झुलून किती उंच जाईल? 'ऊर्जा अक्षय्य' म्हणून गोळीची सुरुवातीची गतिज ऊर्जा, ८०० जूल, सरळ उंचीत बदलली तर उत्तर येतं जवळजवळ ४१ मीटर. खरं उत्तर साधारण २० सेंटिमीटर. कारण इथे दोन टप्पे आहेत. गोळी रुतते त्या क्षणी संवेग टिकतो, ऊर्जा नाही: ०.०१ × ४०० भागिले २ म्हणजे वेग २ मी/से. त्या वेळी गतिज ऊर्जा उरते फक्त ४ जूल, बाकीची ७९६ लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेलेली असते. पुढे झुलताना उलट होतं. दोरीचा ताण गतीला कायम लंब असल्याने तो कार्य करत नाही, म्हणून यांत्रिक ऊर्जा टिकते, पण संवेग टिकत नाही, कारण ताण आणि गुरुत्वाकर्षण ही बाहेरची बलं आहेत. एकाच गणितात दोन नियम, दोन्ही आपापल्या अटीवर, आणि त्यांची जागा अदलाबदल केली तर उत्तर दोनशेपट चुकतं. हे गणित पुस्तक मिटून, कारणांसह कोणाला तरी समजावून सांगा.

परिवलन गती पहिल्या उजळणीत थोडक्यात आटपली तरी चालेल. तिथे बलाच्या जागी बल आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम), वस्तुमानाच्या जागी जडत्व आघूर्ण, संवेगाच्या जागी कोनीय संवेग येतो, आणि जडत्व आघूर्ण हे वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरलंय त्यावर ठरतं. एक प्रश्न मात्र सोडवाच: भरीव गोळा, भरीव चकती आणि पातळ कडं एकाच उतारावरून न घसरता गडगडत सोडले तर आधी खाली कोण पोहोचतं? गोळा, मग चकती, मग कडं. त्यांचं त्वरण घर्षणाशिवाय सरकणाऱ्या वस्तूच्या अनुक्रमे ५/७, २/३ आणि १/२ पट असतं, आणि त्यात वस्तुमानही येत नाही, त्रिज्याही येत नाही. ते का, हे ऊर्जेच्या वाटणीतून दाखवता आलं की पुरे.

सरावाची पद्धत कशी ठेवावी याबद्दल माझं मत ठाम आहे: थोडी गणितं घ्या, पण प्रत्येक पूर्ण पिळून काढा. सोडवण्याआधी दोन-तीन वाक्यांत लिहा की इथे काय घडतंय, प्रणाली कोणती, कोणता नियम लागतो आणि त्याची अट इथे पूर्ण होते का. आकडे शेवटी घाला, तोवर अक्षरांतच राहा. उत्तर आलं की टोकाच्या किमती घालून तपासा. पुलीवरून टांगलेल्या ३ किलो आणि २ किलोच्या वजनांचं घ्या. त्वरण म्हणजे वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले जी, इथे १.९६ मी/से². दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर शून्य यायला हवं, येतं. एक वस्तुमान नाहीसं केलं तर दुसरं मुक्तपणे पडायला हवं, तेही येतं. दोरीतला ताण २३.५ न्यूटन, म्हणजे दोन वजनांच्या, १९.६ आणि २९.४ यांच्या, मध्ये. तसा यायलाच हवा, कारण हलकं वजन वर त्वरण घेतंय आणि जड वजन खाली. उतारावर साइन की कॉस हा गोंधळही असाच मिटतो: कोन शून्य करून पाहा. सपाट जमिनीवर वस्तूला खाली सरकवणारा घटक शून्य असायला हवा, म्हणून उताराच्या दिशेने साइन.

उत्तरपत्रिका किंवा सोडवलेलं उदाहरण बघण्याबद्दल एवढंच: अडलात तर एक ओळ बघा, बंद करा आणि पुढे स्वतः जा. सबंध उत्तर वाचून 'हो, कळलं' म्हटलंत तर ते गणित काही दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. सदिशांचे घटक पाडताना हात अडखळत असेल तर मेकॅनिक्स थांबवून आधी तेवढंच करा. बलांची समजूत पक्की असूनही केवळ त्रिकोणमितीत अडकणारे विद्यार्थी थोडे नाहीत, आणि ही कमतरता थोड्या दिवसांच्या सरावात भरून निघते.

आपली उजळणी कुठवर आली हे बघायचं असेल तर सोडवलेल्या गणितातली एक अट बदला आणि सोडवण्याआधी उत्तर कुठल्या दिशेने सरकेल त्याचा अंदाज लिहा. गोळीच्या गणितातच बदल करा. एकदा गोळी ठोकळ्यातून आरपार जाऊन २०० मी/से वेगाने बाहेर पडते, एकदा आत रुतते, आणि एकदा लाकडाऐवजी कठीण धातूच्या तितक्याच जड ठोकळ्यावर आपटून १०० मी/से वेगाने उलट येते. ठोकळा सर्वात उंच कधी जाईल? आरपार गेली तर गोळी आपला अर्धाच संवेग ठोकळ्याला देते, आणि ठोकळा सुमारे १ मी/से वेगाने निघून ५ सेंटिमीटर चढतो. रुतली तर मघाचे २० सेंटिमीटर. उलटली तर गोळीच्या संवेगातला बदल ०.०१ × ५००, म्हणजे ५ किलो मी/से. गोळीकडे मुळात होता त्यापेक्षाही हा जास्त, आणि तो सगळा ठोकळ्याला मिळतो. म्हणून ठोकळा साधारण २.५ मी/से वेगाने निघतो आणि ३२ सेंटिमीटर वर जातो. आकडे काढण्याआधीच हा क्रम तुम्हाला कारणासह सांगता आला, तर पुढच्या सत्राला खुशाल सुरुवात करा.